प्लास्टर काढल्यानंतरचा स्नायू : ताणाचे व्यायाम आणि बलप्राप्ती

प्रस्तावना :

हाड मोडल्यानंतर रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे सारे लक्ष हाड जुळण्याकडे लागलेले असते. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले, प्लास्टर कापले गेले, की उपचार संपले असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याच दिवशी उपचारांचा दुसरा आणि अधिक चिकाटीचा टप्पा सुरू होतो. प्लास्टरमधून बाहेर आलेला हात किंवा पाय बारीक झालेला असतो, त्वचा कोरडी व खपल्यांनी भरलेली असते, सांधा वळत नाही आणि पाय जमिनीवर टेकवण्याची भीती वाटते. या टप्प्यात योग्य मार्गदर्शन मिळाले नाही, तर रुग्ण दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर दुखते म्हणून तो अवयव तसाच जपून ठेवतो, नाही तर लवकर मोकळा व्हावा म्हणून कोणाकडून तरी जोर लावून ओढून व चोळून घेतो. या दोन्ही मार्गांनी कायमचे व्यंग येऊ शकते.

म्हणून अवयव निश्चल ठेवल्याने स्नायूत नेमके काय घडते, ताणाच्या व्यायामांचा उपयोग किती व कोठपर्यंत आहे, आणि स्नायूचे बळ परत येते ते कशाने, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

निश्चलतेची परंपरा व तिचे दुसरे अंग :

मोडलेला अवयव बांधून स्थिर ठेवण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. बंधन फार सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, असा इशारा त्यात दिलेला आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंधन बदलावे, असेही तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात तळहाताच्या दुखापतीनंतर हातात प्रथम मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावयास सांगितले आहे. आजच्या भौतिकोपचारात ज्याला क्रमाने वाढत जाणारा भार म्हणतात, त्याचेच हे सरळ रूप होय. कोर्दोबाचे शल्यचिकित्सक अबुल कासिम अल-जहरावी (निधन सुमारे इ.स. १०१३) यांनीही ‘अल-तस्रीफ’ या ग्रंथाच्या शल्यविषयक भागात अस्थिभंग व सांधे निखळणे यांना स्वतंत्र स्थान दिले होते.

आज परिचित असलेली प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी डच लष्करी शल्यचिकित्सक आंतोनियस मातेइसन यांनी १८५१ मध्ये प्रचारात आणली. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांनी प्लास्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. एकोणिसाव्या शतकातच या विषयात दोन मतप्रवाह निर्माण झाले. इंग्लंडमधील ह्यू ओवेन थॉमस यांनी संपूर्ण व दीर्घ विश्रांतीचा आग्रह धरला, तर फ्रान्समधील ल्युका-शाँपियोनिएर यांनी लवकर हालचाल व हलके मर्दन यांचा पुरस्कार केला. हाडाला स्थैर्य हवे असते आणि स्नायू व सांध्याला हालचाल हवी असते. या दोन गरजांचा मेळ घालणे हाच अस्थिभंगाच्या उपचारातील मूळ प्रश्न आहे.

प्लास्टरच्या आत काय घडते :

स्नायू ही सतत घडणारी आणि सतत मोडणारी वस्तू आहे. त्यातील प्रथिने रोज झिजतात व रोज नवी तयार होतात. स्नायूने काम केले की प्रथिने तयार होण्यास चालना मिळते. काम थांबले की ही चालना मंदावते, घडण कमी व झीज जास्त असा हिशेब होतो आणि स्नायू बारीक होऊ लागतो. यालाच अनुपयोगजन्य स्नायुक्षय म्हणतात.

हा क्षय अपेक्षेपेक्षा फार लवकर सुरू होतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे निरोगी तरुणांचा एक गुडघा प्लास्टरमध्ये ठेवून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद सुमारे ३.५ टक्क्यांनी आणि त्याची शक्ती सुमारे ९ टक्क्यांनी घटली. चौदा दिवसांनंतर हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ८.४ व २३ टक्के झाले. यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. स्नायूचा आकार जेवढा घटतो, त्याच्या दुपटीहून अधिक त्याची शक्ती घटते. याचे कारण असे की शक्ती केवळ मांसावर अवलंबून नसते. मेंदूकडून येणारी आज्ञा मज्जातंतूंमार्फत किती स्नायुतंतूंपर्यंत पोहोचते यावरही ती ठरते. वापर थांबल्यावर हा संदेशही दुर्बळ होतो. प्लास्टर काढल्यावर “पाय आपला वाटतच नाही” अशी जी तक्रार रुग्ण करतात, तिला असा शारीरिक आधार आहे.

शरीर उभे धरणारे स्नायू, म्हणजे पोटरीचे व मांडीच्या पुढचे स्नायू, या क्षयाला विशेष बळी पडतात. दिवसभर भार वाहण्याची त्यांना सवय असते आणि तो भार एकाएकी नाहीसा होतो.

स्नायूची लांबी व त्याची अवस्था :

स्नायू जसा बारीक होतो तसा तो आखूडही होतो. स्नायुतंतू हा साखळीसारखा असतो. ‘सार्कोमियर’ नावाच्या सूक्ष्म कड्या एकापुढे एक जोडून तो बनलेला असतो. १९७२ मध्ये ताबारी, गोल्डस्पिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या पोटरीतील स्नायूवर केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. स्नायू आखूड स्थितीत ठेवून चार आठवडे प्लास्टर घातले असता या कड्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उलट, स्नायू ताणलेल्या स्थितीत ठेवला असता ती सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. विशेष म्हणजे प्लास्टर काढल्यानंतर चार आठवड्यांत ही संख्या पुन्हा पूर्ववत झाली.

या प्रयोगाचे दोन अर्थ आहेत. पहिला असा, की स्नायू ज्या लांबीत ठेवला जातो त्या लांबीशी तो जुळवून घेतो. म्हणूनच घोट्याचे प्लास्टर शक्यतो पाऊल पायाशी काटकोनात ठेवून घातले जाते. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत राहिले तर पोटरी आखडते आणि नंतर टाच जमिनीला टेकत नाही. हाताच्या बोटांनाही ती मुळाशी वाकलेली व पुढच्या पेरांत सरळ राहतील अशी स्थिती दिली जाते, कारण त्या स्थितीत सांध्याचे बाजूचे बंध आखडत नाहीत. दुसरा अर्थ रुग्णाला धीर देणारा आहे. आखडलेला स्नायू कायमचा आखडलेला नसतो. त्याला मोकळीक व काम मिळाले तर तो पुन्हा लांबी मिळवतो.

ताणाचा उपयोग : प्रयोगशाळा व रुग्णालय :

थोडा वेळ ताण दिल्याने आखडणे टाळता येईल काय, या प्रश्नावर विल्यम्स यांनी उंदरांवर प्रयोग केले. निश्चल ठेवलेल्या स्नायूला एक दिवसाआड पंधरा मिनिटे ताण दिला असता स्नायूतील तंतुमय ऊतींची वाढ रोखली गेली, परंतु स्नायूचे आखूड होणे थांबले नाही. रोज अर्धा तास ताण दिला असता कड्यांची घट टळली व सांध्याची हालचालही टिकून राहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे ताणाच्या व्यायामांना मोठे शास्त्रीय बळ मिळाले.

तथापि उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात घोट्याच्या अस्थिभंगानंतर प्लास्टर काढलेल्या आणि पाऊल वर न वळणाऱ्या १५० रुग्णांची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटाला केवळ व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम व रोज थोडा वेळ बाहेरून दिलेला ताण, तर तिसऱ्याला व्यायाम व रोज अर्धा तास असा ताण देण्यात आला. चार आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी केली असता तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायामाच्या जोडीला बाहेरून दिलेल्या ताणाने अधिक लाभ झाला नव्हता.

याच देशात २१४ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये पुढे आला. प्लास्टर काढल्यावर काही रुग्णांना देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम दिला गेला आणि इतरांना एकदाच नीट समजावून सांगितलेला स्वयंव्यायामाचा सल्ला दिला गेला. सहा महिन्यांपर्यंतच्या तपासणीत दोन्ही गटांची प्रगती सारखीच राहिली. ज्या कुटुंबाला रोज भौतिकोपचार केंद्रात जाणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे. गुंतागुंत नसलेल्या दुखापतीत योग्य सल्ला नीट समजून घेतला आणि घरी पाळला, तर रुग्ण मागे पडत नाही. मात्र हे निष्कर्ष घोट्याच्या अस्थिभंगाविषयी आहेत. कोपर, खांदा किंवा हाताच्या बोटांच्या दुखापतीस ते सरसकट लागू करणे योग्य होणार नाही.

मग ताणाचे व्यायाम निरुपयोगी ठरतात काय? तसे म्हणता येत नाही. या चाचण्यांचा आशय असा, की दुसऱ्याने ओढून दिलेल्या ताणापेक्षा रुग्णाने स्वतः केलेली हालचाल महत्त्वाची आहे. स्वतः सांधा पूर्ण मर्यादेपर्यंत नेताना स्नायू ताणलाही जातो आणि कामही करतो. ताण दिल्यावर लगेच जी अधिक हालचाल दिसते, तिच्यातील बराच भाग स्नायू लांब झाल्याचा नसतो. ताण सहन करण्याची क्षमता वाढल्यानेही हालचाल वाढलेली दिसते. यासाठी ताणाला व्यायामाची सुरुवात मानावे, संपूर्ण उपचार मानू नये.

व्यायामाचा क्रम :

पुढील क्रम सर्वसाधारण आहे. हाड किती जुळले आहे व भार केव्हा द्यावा, हे अस्थिरोगतज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

१) प्लास्टर असतानाच : प्लास्टरबाहेरील सर्व सांधे रोज हलवावेत. मनगटाला प्लास्टर असेल तर बोटे, कोपर व खांदा हलवीत राहावे. गुडघा प्लास्टरमध्ये असेल तर डॉक्टरांच्या संमतीने मांडीचा स्नायू आतल्या आत आवळून काही क्षण धरावा व सोडावा. दुसरा, निरोगी अवयव बलवान ठेवण्याचाही लाभ होतो. मनगटाचा अस्थिभंग झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांवर कॅनडात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निरोगी हाताचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या दुखऱ्या हाताची पकड व हालचाल बारा आठवड्यांच्या टप्प्यावर अधिक चांगली आढळली. मज्जासंस्थेमार्फत हा परिणाम दुसऱ्या बाजूस पोहोचतो.

२) प्लास्टर काढल्यावर पहिले दिवस : अवयव कोमट पाण्याने धुवावा, खपल्या खरवडू नयेत, हलक्या हाताने तेल लावावे. सूज असेल तर विश्रांतीच्या वेळी अवयव उंच ठेवावा. सांधा स्वतःच्या बळाने, सावकाश, जमेल तेथपर्यंत न्यावा. असे दिवसातून अनेक वेळा, थोडे थोडे करावे.

३) ताण : बिछान्यावर पाय पसरून बसावे, पावलाच्या चवड्याभोवती पंचा किंवा ओढणी अडकवावी व ती दोन्ही हातांनी हळूहळू स्वतःकडे ओढावी. पोटरीत ओढ जाणवेल तेथे थांबावे. भार देण्याची परवानगी मिळाल्यावर भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून व टाच जमिनीवर टेकवून पुढे झुकावे. मनगटासाठी छातीसमोर दोन्ही तळवे जोडून कोपरे हळूहळू वर न्यावीत. ताण सुमारे तीस सेकंद स्थिर धरावा व दोन-तीन वेळा करावा. निरोगी व्यक्तींच्या मांडीमागील स्नायूवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठ सेकंदांच्या ताणाचा तीस सेकंदांच्या ताणापेक्षा अधिक लाभ आढळला नव्हता. झटके देऊ नयेत व श्वास रोखू नये.

४) बल : सांधा मोकळा होऊ लागला की स्नायूला काम द्यावे. हातासाठी प्रथम ओला स्पंज दाबणे, मग सैल कणीक मळणे, मग पाण्याची अर्धी व पुढे पूर्ण भरलेली बाटली उचलणे असा चढता क्रम ठेवता येतो. पायासाठी खुर्चीला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे व पायऱ्या चढणे हे व्यायाम पुरेसे आहेत.

५) नित्यकर्मे : आपल्याकडील जीवन जमिनीशी जोडलेले आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, नमाज किंवा पूजेसाठी बसणे-उठणे यांना गुडघा व घोटा यांची भरपूर लवचीकता लागते. ही कामे पुन्हा जमणे हेच व्यायामाचे ध्येय ठेवावे. तोपर्यंत खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

व्यायामाच्या वेळी थोडी ओढ व दुखणे अपेक्षित असते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सूज व वेदना वाढलेली असेल, तर व्यायाम अधिक झाला असे समजून तो कमी करावा.

वय व आहार :

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे तरुण व वृद्ध पुरुषांचा एक पाय दोन आठवडे निश्चल ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तरुणांच्या पायातील सुमारे ४८५ ग्रॅम व वृद्धांच्या पायातील सुमारे २५० ग्रॅम स्नायू घटला. त्यानंतर सहा आठवडे सायकल चालविण्याचा व्यायाम दिल्यावर स्नायूचे वस्तुमान भरून आले, परंतु शक्ती दोन्ही गटांत पूर्णपणे परत आली नाही. दोन आठवड्यांची हानी भरून काढण्यास सहा आठवडेही अपुरे पडले. म्हणजेच केवळ चालणे किंवा सायकल यांवर न थांबता भार उचलण्याचे व्यायामही करावे लागतात. तरुणाने गमावले अधिक, तरी त्याच्याजवळ शिल्लकही अधिक असते. वृद्धाचा साठा मुळातच थोडा असल्याने त्याचे थोडे नुकसानही त्याला परावलंबी करू शकते.

स्नायूच्या पुनर्घडणीस प्रथिने लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी तज्ज्ञांनी १ ते १.२ ग्रॅम इतके प्रमाण सुचविले आहे. डाळी, कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून ही गरज भागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. आजाऱ्याला पेज व चहा-बिस्किटे यांवर ठेवण्याची पद्धत स्नायूच्या दृष्टीने घातक आहे.

जोराचे मर्दन व इतर धोके :

प्लास्टर काढल्यावर सांधा वळत नाही म्हणून हाडवैद्य, पहिलवान किंवा मालिशवाल्याकडे जाण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. यातील सर्वांत मोठा धोका कोपराला असतो. कोपराच्या दुखापतीनंतर जोराने चोळल्यास किंवा सांधा ओढल्यास स्नायूतच हाड तयार होण्याचा विकार होऊ शकतो. मग कोपर पूर्वीपेक्षाही कमी वाकते आणि काही वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने टाळावे. मूल खेळता-खेळता आपला सांधा स्वतःच मोकळा करीत असते.

दुसरा धोका घट्ट बंधनाचा आहे. प्लास्टर किंवा बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्याने सूज आतच कोंडते व रक्तपुरवठा अडतो. जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेले हाताचे कायमचे आखडणे याच कारणाने होते. वाढत जाणारी असह्य वेदना, बोटे सरळ केल्यावर होणारी तीव्र कळ, बधिरपणा, बोटे थंड किंवा निळसर पडणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तासाभरात रुग्णालय गाठावे. काही तासांचा विलंबही स्नायू कायमचा मृत होण्यास पुरेसा ठरतो. या अवस्थेतील आखडणे आणि साध्या निश्चलतेने आलेले आखडणे यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्यातील स्नायू जिवंत असल्याने तो व्यायामाने सुधारतो, पहिल्यातील स्नायूला व्यायाम परत आणू शकत नाही.

पोटरीला एकाएकी सूज व वेदना येणे, धाप लागणे, छातीत दुखणे ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची चिन्हे असू शकतात. हातापायाची आग होणे, त्वचा चकचकीत व लालसर होणे, साधा स्पर्शही सहन न होणे यांकडेही दुर्लक्ष करू नये. अशा वेळी मर्दन व व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

निष्कर्ष :

निश्चलतेचा परिणाम पाच दिवसांतच मोजता येण्याइतका होतो आणि भरून येण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. ताणाने सांध्याला वाट मोकळी करून देता येते, पण स्नायूचे बळ परत येते ते रुग्णाच्या स्वतःच्या, रोजच्या व क्रमाने वाढत जाणाऱ्या कामाने. स्नायू जिवंत असेल तर आखडलेपणा दूर होण्याची वाट खुली असते. तो जिवंत राहावा यासाठी घट्ट बंधनाची लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. प्लास्टर काढण्याच्या दिवशी रुग्णाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारल्याशिवाय परतू नये : कोणता सांधा किती हलवावा, भार केव्हापासून द्यावा आणि कोणती हालचाल अद्याप टाळावी. या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली, तर पुढील बराचसा उपचार घरच्या अंगणातही होऊ शकतो.